तोंडाचे आवाज

“आधी तोंड साफ करायचं, मग गाणं ऐकायचं. उलटं केलंस तर या कामातनं उठलीस म्हणून समज.” गालात लवंग धरून बोलल्यासारखा रेकॉर्डिंगचं काम शिकवणाऱ्या गेणभाऊंचा तो आवाज रीनाला वीस वर्षांनंतरही रोज कामाला बसताना ऐकू येई. त्या गुरुवारी दुपारी राजुरीच्या रखमाजीबाबांनी कानांवरचा हेडफोन काढून मांडीवरच्या टोपीशेजारी ठेवला आणि “ताई, ही आमची न्हाई,” असं म्हटलं, तेव्हाही तिला आधी तोच ऐकू आला. नियम तर पाळला होता, एवढंच तिच्या मनात आलं. खाली भावाच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी टिचकी मारून पातेलं पारखत होतं. मंचरच्या बाजारपेठेतली दुपार स्टुडिओच्या दुहेरी काचेतूनही चिकट दिसत होती.

“आवाज आजींचाच आहे, बाबा.”

“आवाज तिचाच हाय. ती न्हाई.” पाहुण्याच्या घरी जेवणाला नाव ठेवल्यासारखा म्हातारा ओशाळला. “वाईट न्हाई म्हणत मी. लई ग्वाड झालंय. मला वाटलं पुतण्याच्या टेम्पोतला टेप बिघडला असंल, म्हणून दोन गाड्या बदलून हितं आलो. तर हितं बी तीच. पंचविशीतली कुणी बाई गातीया जणू. आमच्या म्हातारीला दमा व्हता, ताई. दर वळीला थांबायची. मी ह्याच खुर्चीत बसून बोटावर मोजत व्हतो. आन् ही बाई तर श्वासच घेत न्हाई. श्वास न घेता गाती कशी?”

दोन वर्षांपूर्वी साळुबाई नातीच्या, आरतीच्या, हौसेनं इथं ओव्या गायला आली होती. रीनानं त्या साफसूफ करून पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या. पेन ड्राइव्ह कपाटात लुगड्यांखाली राहिला. साळुबाई गेल्या वर्षी गेली. आता पंधरा दिवसांनी तिचं वर्ष होतं. त्या सकाळी नैवेद्याआधी पोरीसुनांना तिच्या ओव्या ऐकवायच्या, असं म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. एवढं सगळं त्यानं टोपीच्या काठावरून बोट फिरवत सांगितलं आणि मग खाली बघत म्हणाला, “मला ते तिच्यासकट देता का?”

“देते,” रीना म्हणाली. “वर्षाच्या सकाळी मी स्वतः राजुरीला घेऊन येते.”

म्हातारा जिना उतरून गेला. तिनं सवयीनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि हेडफोनच्या गाद्या पुसल्या. खोबरेल तेल, टोपीतला घाम आणि एसटीच्या रेक्झिनचा वास मिळून एक पिवळट थर कापसावर आला. प्रत्येक माणूस गेल्यावर ती असं पुसते. माइकसमोरची जाळी डेटॉलच्या पाण्यात बुडवते. पाण्यात बारीक तांबडे ठिपके सुटतात. ते गुटख्याचे. माणसाचं तोंड ही किती ओली जागा आहे, हे गाणं ऐकणाऱ्याला कधी कळत नाही. माइकला कळतं, आणि माइकच्या मागे बसलेल्याला. ओठ उघडताना चिकटलेली कातडी सुटते, त्याचा आवाज. जीभ टाळूवरून निघते, त्याचा. थुंकीचा एक तंतू दोन दातांमध्ये ताणतो आणि तुटतो, त्याचाही. बैलगाडा शर्यतीची गाणी म्हणणारे, पुढारी भाऊंच्या वाढदिवसाला ‘किंगमेकर’ म्हणणारे, वक्तृत्व स्पर्धेची पोरं, ‘संध्याकाळनंतर उसात एकटे जाऊ नका, बिबट्याचा वावर आहे’ असं सांगणारे ग्रामसेवक, सगळे तिच्या कानात येऊन आधी थुंकी गिळतात. मग बोलतात. ती ते गिळणं काढून टाकते. लोक म्हणतात, रीनाताईंकडे आवाज सोन्यासारखा निघतो. भाऊंचा माणूस तर फोनवर मोकळेपणानं सांगतो, “ताई, साहेबांचा आवाज जरा गोड करा ना, मागच्या येळंला तोंडात काहीतरी व्हतं त्यांच्या.” काहीतरी होतं! तिनं तो फोन बंद करून बेसिनपाशी जाऊन चूळ भरली होती, जसं काही ते तिच्याच तोंडात होतं.

ही किळस कामातून आली, असं ती सांगते, पण ते खरं नाही. ती घरातून आली. लहानपणी जेवण झालं की आई ताटात पाणी ओतायची, बोटानं सगळं ताट निपटून धुवायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. ताटात उष्टं राहिलं की त्यात जीव होतात, म्हणून. आईचा, कस्तुरबाईंचा, तो नियम आजवर एक दिवस मोडलेला नाही. आमटीचे तवंग, भाताचं एखादं शीत, हळदीचं गढूळ पाणी, आणि आईचा वर-खाली होणारा घसा. रीना पाटावरून उठून पळायची. जैन स्थानकात साध्वी यायच्या, त्यांच्या तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेली असायची. बोलताना ते कापड आत ओढलं जायचं आणि बाहेर फुगायचं. मधोमध एक ओला गोल उमटायचा. सहा-सात वर्षांच्या रीनानं विचारलं होतं, “तोंड घाण असतं का म्हणून बांधतात?” आई म्हणाली होती, “घाण नाही गं. तोंडाची वाफ गरम असते. हवेतल्या बारीक जिवांना लागते.” पोरीनं ते ऐकलंच नाही. तिनं तो ओला गोल तेवढा जन्मभर लक्षात ठेवला.

म्हणून तर पंधराव्या वर्षी कुणाच्या तरी टेपवर तिनं पहिल्यांदा फाटलेल्या आवाजाची इलेक्ट्रिक गिटार ऐकली, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या आवाजाला तोंड नव्हतं. तो तारेतून निघून विजेत जळून यायचा, आणि जळलेल्या वस्तूवर थुंकी राहत नाही. पोपटलाल शेठच्या पोरीनं गिटार घेतली, याचं बाजारपेठेत महिनाभर हसं झालं. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमची मोठी पुण्याला लाऊडस्पीकरचं शिकते.” पुण्यात गेणभाऊ भेटले. मूळचे घोडेगावकडचे, अर्धं आयुष्य जत्रांत भोंगे बांधलेले, उरलेलं एका तळघरातल्या स्टुडिओत. दिवसा त्यांच्या शेजारी मोडक्या स्टुलावर बसून ती तोंडं साफ करायची. संध्याकाळी कळंबच्या भरतबरोबर वाजवायची. भरत ड्रमवर, ती गिटारवर आणि गायला, बेसवाले दर वर्षी बदलणारे. बँडचं नाव ‘कल्हई’. नारायणगावजवळ द्राक्षांचं एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज होतं, तिथं त्यांनी अकरा दिवसांत स्वतःच अल्बम रेकॉर्ड केला. कुणाकडे गेले नाहीत, कुणाचं ऐकलं नाही. बेंगळुरू, शिलाँग, कॉलेजांची मैदानं. “मॅडम, लेडीज बँड आहे का? मग साडीत वाजवाल का?” असं विचारणारे आयोजक. भिजलेली स्टेजं. एका परीक्षणात कुणी कौतुकानं लिहिलं होतं, ‘या आवाजात एक ओलावा आहे’. ते वाचून तिला दोन दिवस गाता आलं नव्हतं. उरलेल्या सीड्या अजून दुकानाच्या माळ्यावर कुकरच्या खोक्यांमागे आहेत. वडील गेल्यावर ती मंचरला परतली, दुकानावरच्या दोन खोल्यांना फोम लावला आणि स्टुडिओ काढला. भरत ठिबकच्या नळ्या विकतो. दर दिवाळीला म्हणायचा, “पुढच्या वर्षी करू की गं अल्बम.”

त्या गुरुवारी तिनं साळुबाईच्या ओव्यांचा मूळ, कच्चा आवाज शोधला. नव्हता. असणारच नव्हता. कच्चं ठेवायचं नाही, हा गेणभाऊंचा दुसरा नियम. कच्चं राहिलं की माणूस कधीतरी ते मागतो, आणि मग तुझं काम त्याला खोटं वाटतं. साफ झालेल्या ओव्या तेवढ्या होत्या, जुन्यावरच जतन केलेल्या. तिनं त्या ऐकल्या, दोन वर्षांत पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर, आयुष्यात पहिल्यांदाच. साफ करताना तिनं गाणं ऐकलं नव्हतं. ओठ, जीभ, घसा एवढंच ऐकलं होतं.

धनी चालले बाजारा, पिशवी विसरले दारी
हाक मारू किती बाई, वाट गेली माळावरी

दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं. बाई हाक मारत होती आणि तिला धाप लागत नव्हती. स्टीलच्या नव्या ताटासारखं गुळगुळीत, कुणी न जेवलेलं. आपण दिलेल्या शब्दाची तिला तिथंच बसल्या जागी लाज वाटली. आणायचं कुठून? जे पुसून टाकलं ते आणायचं कुठून?

एकच जागा होती. साफ करणारं सॉफ्टवेअर आवाजाचे दोन ढीग करतं, एक ठेवायचा आणि एक टाकायचा. टाकायचा ढीग वेगळा ऐकायची सोय असते, चुकून गाणं तर कापलं जात नाही ना, हे बघायला. आठ वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याचं भाषण साफ करताना तिनं रागाच्या भरात तो टाकायचा ढीग जतन करून ठेवला होता. मग प्रत्येकाचाच. फोल्डरचं नाव ‘कचरा’. नावं नाहीत, तारखा नाहीत, मधल्या मोकळ्या जागा कापून एकाला एक जोडलेली अकरा तासांची तोंडं. ह्यातून ती दुसरा अल्बम करत होती. त्यात शब्द नव्हते. आंबेगाव-जुन्नरच्या झाडून सगळ्या माणसांची थुंकी, आणि तिच्यावर गिटार. प्रामाणिक असं एवढंच उरलंय, असं ती भरतला म्हणाली होती. गेल्या महिन्यात बेंगळुरूच्या एका लहान कंपनीनं तो अल्बम काढायचं कबूल केलं. नऊ वर्षांनी कुणी तिचं स्वतःचं काही काढणार होतं.

टाकलेलं आणि ठेवलेलं पुन्हा एकत्र केलं तर मूळ होतं. हिशेब सोपा होता. फक्त त्या अकरा तासांतून एका म्हातारीचं टाकलेलं ओळखायचं होतं.

ती चार दिवस बसली. हेडफोनमध्ये बसली, कारण स्पीकरवर ते हवेत सुटलं असतं. तंबाखूची थुंकी घट्ट असते, तिचा आवाज चिखलातून पाय निघाल्यासारखा. कवळीवाल्यांचा आवाज लाकडी. पोरांच्या तोंडात नेहमी काहीतरी गोड असतं. बायका आवंढा गिळतात आणि तो लपवायला हसतात. दुपारपर्यंत तिला जेवण नको व्हायचं. दुपारनंतर जेवणाचा विचारही. रस्त्यावर रसवंतीपाशी लोक ग्लास तोंडाला लावताना दिसले तरी ती मान वळवायची. आरशात स्वतःचे ओठ दिसले, तर ते दोन मऊ, ओले, उगीच हलणारे प्राणी वाटले. आणि श्वास तर सगळ्यांचे सारखेच. दम्याचेही चारपाच निघाले. कुणाचे कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी त्या बाईला काचेपलीकडे उभं करून तासभर बघितलं होतं, पण तिचा श्वास आठवत नव्हता. हिरवी बांगडी आठवत होती. बांगडी वाजते म्हणून काढायला लावली होती.

पाचव्या दिवशी तिनं रखमाजीला फोन केला. मागे गाई हंबरत होत्या, दुधाच्या किटल्या आपटत होत्या.

“बाबा, एक विचारायचं होतं. आजींचा श्वास कसा होता?”

“म्हंजी?”

“म्हणजे… घेताना आवाज यायचा का? कसा?”

“थांब, गोठ्यातनं भाईर येतो.” पावलं. कुणाला तरी हाक, “श्रेया, धार बघ गं!” मग म्हातारा अगदी फोनच्या जवळ आला. “हे बघ. आत घेताना शिट्टी. बारीक. दोनदा. मग वाईच थांबायची. पुढचा एकच दात ऱ्हायलेला, त्याला जीभ लावायची सवय व्हती तिला. टक. मग सोडायची. सोडताना आवाज न्हाई. करून दाखवू का?”

“नको, कळलं—”

“न्हाई, असं बघ,” असं म्हणून त्यानं करून दाखवलं. फोनच्या भोकात तोंड घालून. ओला, गरम, सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याचा श्वास तिच्या कानाच्या पाळीत शिरला. दोन शिट्ट्या, थांबणं, टक. तिनं फोन हातभर लांब धरला. लांबूनही ऐकू येत होतं, म्हातारा मन लावून पुन्हा पुन्हा करत होता. तिनं फोन परत कानाला लावला. “दमा लागल्यापासनं अकरा वरसं हेच ऐकत झोपलो,” तो म्हणाला. “आता झोप लागत न्हाई म्हंतो मी, तर सून म्हंती डास असत्याल.” आणि हसला.

ती हसली नाही. तिला कळलं होतं. शोधायची गरजच उरली नव्हती. दोन शिट्ट्या, थांबणं, टक. हे तिला पाठ होतं, हजारदा ऐकलेलं होतं. अल्बमच्या मधल्या, सगळ्यांत लांब तुकड्याचा तालच तो होता. हाच घेऊन तिनं आठ मिनिटं फिरवला होता, ह्याच्यावर भरतनं ड्रम वाजवले होते, ह्याच्यावर तिची सगळ्यांत चांगली गिटार होती. भरतनं पहिल्यांदा ऐकून विचारलं होतं, “हे काय हाय? फवारणीचा पंप? लई भारी पंप घावलाय राव!” ती म्हणाली होती, “कुणाचं तरी तोंड.” “शी!” असं म्हणून दोघं खूप हसले होते. बेंगळुरूच्या माणसानंही लिहिलं होतं की, सगळा अल्बम त्या आठ मिनिटांवर उभा आहे.

तोंडांची किळस तिला माहीत होती, तिच्यात एक प्रकारची उंची असते, आपण वर बसलेलो असतो. ही तशी नव्हती. ही तळहातांना आली. गुदमरणाऱ्या बाईचा श्वास चिमटीत धरून आपण त्यावर मान हलवत ताल धरला. आणि तो कुणाचा, हे विचारलं नाही. माणसाचा आहे, हे माहीत असून. तिनं हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले.

तो श्वास दोन्हीकडे ठेवता आला असता. अल्बममध्येही आणि म्हातारीच्या ओव्यांमध्येही. आवाजाची नक्कल कितीही होते, कुणाचं काही कमी होत नाही. राजुरीतलं कोण बेंगळुरूचा अल्बम ऐकणार होतं? हे सगळं तिनं स्वतःला नीट सांगून पाहिलं, संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. मग बेंगळुरूला चार ओळींचं पत्र टाकलं, की तो तुकडा माझा नाही, मी तो देऊ शकत नाही. तासाभरात उत्तर आलं, त्याशिवाय अल्बम काढण्यात अर्थ नाही. आणि मग भरतचा फोन.

“येडी झालीस का? नऊ वरसांनी कुणीतरी आपलं काढतंय!”

“ते आपलं नाही.”

“मग कुणाचं हाय?”

“राजुरीच्या एका बाईंचं. वारल्या त्या.”

“मग? त्या काय येऊन विचारणार हायेत?”

तिनं हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली.

“बरं, नवऱ्याला जाऊन विचार. पाया पड त्याच्या. लोक काय, हो म्हणत्यात.”

“हो म्हणतील म्हणूनच नाही विचारायचं.”

भरत म्हणाला, “पंप असता तर बरं झालं असतं,” आणि फोन ठेवला.

तालाचा तुकडा ‘कचरा’मधून जिथून उचलला होता, तिथंच एकाला एक जोडलेले सदतीस श्वास होते. एकेक कापून घ्यायचा, साफ ओवीत त्याची जागा शोधायची, शब्दाच्या आधी किती, नंतर किती, हे कानानं ठरवायचं. वीस वर्षं जे काढलं ते बोटानं परत भरायचं, कुणाच्या तोंडात घास भरवावा तसं. किळस गेली नाही. प्रत्येक ‘टक’ला तिच्या मानेवर काटा यायचा, आणि तो येईल म्हणून ती आधीच खांदे आवळून बसायची. पण एक व्हायला लागलं. श्वास जागेवर बसला की पुढचा शब्द बदलायचा. आधी ‘हाक मारू किती बाई’ हा नुसता गोड सूर होता. आता बाई खरंच हाक मारून दमलेली होती, आणि तिचा धनी खरंच माळावर लांब गेला होता.

बाराव्या दिवशी दिवस मावळायच्या आत कस्तुरबाई उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. दिवस बुडाल्यावर त्या पाणीही घेत नाहीत आणि पोरीनं तरी वेळेत प्यावं म्हणून रोज आणून ठेवतात. रीनानं त्या दिवशी पहिल्यांदा स्पीकर लावला होता. आई दारातच थांबली, पदर ओठांशी धरून, जशी पोथीसमोर धरते.

“कोण गं ही?”

“राजुरीच्या आहेत. गेल्या वर्षी गेल्या.”

आईनं एक ओवी संपेपर्यंत ऐकलं. मग दुसरी. मग म्हणाली, “हिला उभं का केलं होतंस?”

“तुला काय माहीत उभं केलं होतं?”

“बसलेल्या माणसाचा दम पोटात जातो. हिचा खांद्यातच अडकतोय बघ. दमेकरी बाई, वयानं एवढी. पाट तरी द्यायचास.” आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही. तांब्या टेबलावर ठेवून त्या खाली गेल्या.

उभ्यानं आवाज मोकळा लागतो, आणि खुर्ची कुरकुरते, म्हणून. रीनाला आता सगळं दिसलं. काचेपलीकडे माइकच्या दांडीला धरून उभी असलेली म्हातारी, बांगडी काढलेला मोकळा हात, आणि इकडे तिच्या शेजारी खुर्चीत बसलेला रखमाजी, बोटं मोजत.

सदतिसावा श्वास लागला. तरी एक तुकडा उरला. तो श्वास नव्हता. खूप बारीक होता, म्हातारीच्या कानातल्या हेडफोनमधून बाहेर गळून माइकमध्ये शिरलेला दुसऱ्याच कुणाचा आवाज, म्हणूनच कचऱ्यात टाकलेला. रीनानं तो मोठा केला. तो तिचाच होता. गोड, धंद्याचा, घाईतला. “आजी, मध्ये थांबू नका हं. थांबू नका. पुन्हा घ्या.” आणि त्यावर म्हातारीचं, दम गोळा करत, “बरं बाई.”

म्हणजे रखमाजीनं ते ऐकलं होतं. तो शेजारीच बसला होता. त्या दिवशी काही बोलला नाही, त्या गुरुवारीही नाही. नुसतं विचारलं, श्वास न घेता गाती कशी?

आयुष्यात तिनं माणसांच्या तोंडातलं जेवढं काही ऐकलं होतं, त्यात ह्याच्याइतकं ओंगळ दुसरं काही नव्हतं, आणि ह्यात थुंकीचा थेंबही नव्हता. अगदी स्वच्छ आवाज होता. हा तुकडा टाकता आला असता. कुणालाच, रखमाजीलाही, त्याची उणीव भासली नसती. ती खूप वेळ त्याच्याकडे, पडद्यावरच्या त्या छोट्या हिरव्या डागाकडे बघत राहिली. शेवटी तिनं तो उचलला आणि होता तिथं, तिसऱ्या ओवीच्या आधी, ठेवून दिला. ‘बरं बाई’ त्याच्या मागे आपोआप बसलं.

वर्षाच्या दिवशी सकाळी सहाला भाऊंच्या माणसाचे दोन फोन येऊन गेले होते. आज भाऊंचा वाढदिवस होता आणि गाणं दहाला चौकात वाजायचं होतं. गाणं तयार होतं, ते तिनं पाठवून दिलं, न ऐकता. मग बॅटरीचा स्पीकर दोरीनं स्कूटीच्या पायाजवळ बांधला, त्याच्याभोवती जुन्या सतरंजीची घडी खोचली. खालच्या खोलीत कस्तुरबाई सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. तेवढा वेळ त्या बोलत नाहीत. दारातून रीना दिसली तेव्हा त्यांनी फक्त माळेवरची नजर उचलली, पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

राजुरीत नैवेद्य अकराला दाखवतात. घर महादेवाच्या देवळामागे, दारात पेरूचं झाड, असं म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. ते नाही सापडलं तर दूध डेअरीवर विचारायचं. पेन ड्राइव्ह तिनं पर्समध्ये ठेवला नव्हता, मुठीत धरला होता. तो घामानं ओला झाला होता. तिनं तो कुर्त्याला पुसायला म्हणून हात नेला आणि तसाच खिशात टाकला. मग स्कूटी चालू न करता, गल्ली झोपेत असताना, ती ढकलत हमरस्त्यापर्यंत नेली, आणि तिथून नारायणगावच्या दिशेनं निघाली.